डेमोत वाजलं, मोरीत वाजलं नाही

सातारा शहरातल्या एका सोसायटीत मोफत हाडांची तपासणी झाली आणि तिथेच ज्येष्ठांना ‘पडलात की मुलाला पुण्यात फोन जाईल’ असं सांगून मनगटी घड्याळं विकली गेली. किंमत १४,५०० रुपये, त्यात वर्षभराची ‘चोवीस तास कंट्रोल रूम’. पुढे एक आजी पहाटे मोरीत घसरल्या. घड्याळ हातात, चार्जिंग पुरेसं, पण फोन कुणालाच गेला नाही. दूधवाला येईपर्यंत त्या तशाच पडून होत्या. चीड येते ती याची की, घड्याळ आहे म्हणून मोरीत आधाराचा दांडा बसवायचं राहून गेलं होतं.

डेमोत विक्रेत्याने घड्याळ घालून गादीवर अंग टाकलं आणि मोबाईल वाजला. एकाने काढलेल्या व्हिडिओत दिसतं की, पडताना त्याने दुसऱ्या हाताने बाजूचं एसओएस (मदत मागायचं) बटण तीन सेकंद दाबून धरलं होतं. आजींच्या मुलाने बटण न दाबता दहा वेळा पडून पाहिलं; एकदाही अलर्ट नाही. अ‍ॅपमध्ये पावलं, झोप, नाडीचे ठोके एवढंच. पडणं ओळखायची सोयच नव्हती. ‘कंट्रोल रूम’चा नंबर विक्रेत्याचाच निघाला, तोही बंद.

खरं उपकरण तीन गोष्टी पाहतं. पडताना अंग क्षणभर अधांतरी असतं, तेव्हा वेगातला बदल मोजणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरचं माप ‘१ जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या नेहमीच्या आकड्यावरून शून्याकडे घसरतं, मग आदळल्याचा झटका, मग निश्चलपणा. शिवाय जायरोस्कोप अंग कसं वळलं ते टिपतो. त्यामुळे घड्याळ नुसतं गादीवर फेकणं ही चाचणी नव्हे. खुर्चीवरून हळूच घसरलेला माणूस मात्र चांगल्या उपकरणातूनही सुटू शकतो, कारण झटकाच बसत नाही. ‘शंभर टक्के’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

पैसे देण्याआधी घरातल्या धडधाकट माणसाने घड्याळ घालून जाड गादीवर पुढे, मागे आणि दोन्ही कुशींवर पडावं. हात बटणापासून लांब, नंतर मिनिटभर निपचित. आजी-आजोबांना हे करायला लावू नका. मग टाळ्या वाजवा, धपकन खुर्चीत बसा. तेव्हा अलर्ट यायला नको. मोबाईल वरच्या मजल्यावर ठेवून पुन्हा बघा, कारण ब्लूटूथ साधारण दहा मीटरच पोहोचतं, भिंतीआड त्याहून कमी. सिमवालं घड्याळ फक्त टूजीवर चालणारं असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही. जावळी-पाटणच्या खोऱ्यात तर रेंजचा भरवसा नसतो, म्हणून चाचणी घरीच, मोरीतच घ्या.

या घड्याळांची पावती साध्या कागदावर होती. पक्क्या बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला २७ने सुरू होतो. स्मार्ट घड्याळाला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते; ‘आर’ने सुरू होणारा तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो.

पैसे गेलेच असतील तर खोकं आणि यूपीआयची पावती टाकू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. बटण न दाबता पडून पाहिल्याचा व्हिडिओ सोबत जोडा.