मास्किंग फ्लुइड, सात महिन्यांनंतर: बुलेटचे स्पोक आणि सोललेला कागद

पाचव्या महिन्यात बाटलीतलं निम्मं फ्लुइड रबराचा गोळा होऊन वाया गेलं, तेही उन्हाळ्यात. जलरंगात कागदाचा जो भाग पांढरा ठेवायचा तो आधी या फ्लुइडने झाकायचा आणि रंग वाळला की ते सोलून काढायचं. हे अमोनियात टिकवलेलं लॅटेक्स, म्हणजे पातळ रबर असतं. झाकण उघडं राहिलं की अमोनिया उडतो आणि लॅटेक्स गोठतं. बाटली हलवायची तर मुळीच नाही. बुडबुडे धरतात आणि कागदावर तो फुटला की तिथे रंग शिरतो. आता दहा-बारा थेंब वेगळ्या झाकणात काढायचे, बाटली लगेच बंद, उरलेलं परत ओतायचं नाही.

काम एकच: मोटरसायकलची चित्रं, त्यातही तारांची चाकं. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० चं पुढचं चाक १९ इंची, मागचं १८. स्पोक हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) मध्यातून सरळ फुटत नाहीत. हबच्या कडेवरून तिरके निघतात आणि एकमेकांना छेदतात. हे पेन्सिलीतच चुकलं तर फ्लुइड काही वाचवत नाही. स्पोकला ब्रश नकोच, टाक घ्या आणि दर चार-पाच रेघांनी निब पुसा. हेडलाइटच्या चकाकीला ब्रश लागतोच, तो आधी साबणाच्या फेसात बुडवा, नाहीतर केस चिकटून ब्रश कामातून गेला.

सुरुवातीला कागद सोलला जायचा, विशेषतः टाकीच्या कडेला, तेव्हा दोष फ्लुइडलाच दिला होता. ते मत मागे घेतो. सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागद सोलला गेला, त्याच बाटलीतलं फ्लुइड ३०० जीएसएम कॉटनवरून अलगद निघालं. हेअर ड्रायर लावला की मात्र ते कॉटनलाही घट्ट धरतं. पंख्याखाली वाळवा, तळहाताची मागची बाजू लावून बघा. कागद गार लागला तर अजून ओल आहे. फ्लुइड एका दिवसाच्या आत काढून टाका.

आता खरी तक्रार. फ्लुइड काढल्यावर सगळे स्पोक सारखेच पांढरेफटक दिसतात आणि चाक जाळीसारखं चपटं होतं. सगळे स्पोक झाकणं हीच चूक. मागे इंजिन किंवा मडगार्डची सावली असेल तिथलेच झाका. मागे उजेडातली जमीन असेल तिथे स्पोक गडद दिसतो, तो शेवटी रिगर ब्रशने (लांब, बारीक केसांच्या) इंडिगो (गडद निळा) आणि बर्न्ट सिएनाच्या (तांबूस तपकिरी) मिश्रणात ओढा. झाकलेल्या स्पोकची धारही कापल्यासारखी राहते. ओलसर चपट्या ब्रशने एकच कड मऊ करा, मग हबजवळच्या भागावर पातळ करडा हात द्या. एवढ्यानं चाक गोल वाटायला लागतं.

सायलेन्सरला फ्लुइड वापरणं म्हणजे पैसे घालवणं. क्रोमचा स्वतःचा रंग नसतोच: वर आभाळाचा फिका निळा, मध्ये गडद पट्टा, खाली मातीचा गेरू. निळा आणि गडद यांच्यामध्ये कागदाची बारीक पट्टी कोरी सोडली की चकाकी येते.

पुढची बाटली सगळ्यात लहान घेणार. मोठी मिलीमागे स्वस्त पडते, पण संपायच्या आत गोठते.