पवनीच्या मावशीकडची मासोळी

भंडारा जिल्ह्यात अड्याळजवळ माझं भोजनालय आहे. चार वर्षं झाली, मासोळी मी पवनीच्या बाजारातल्या एकाच मावशीकडून घेतो. घरचेच ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे, जाळं वैनगंगेत आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात पडतं. सकाळी सातला पोचलं तर निवडून घेता येतं, नऊनंतर उरलंसुरलं.

तिची मरळ म्हणजे मरळच. पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवते, वरून जाळी बांधून, नाहीतर उडी मारून थेट रस्त्यावर. ही मासोळी हवेतूनही श्वास घेते, म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून गाडीवर आणली तरी माझ्या चुलीपर्यंत जिवंत येते. राख लावून घासली की बुळबुळ जाते. मांस घट्ट, बारीक काटे नाहीतच म्हणा. जवसाच्या रश्श्यात उकळी आली तरी तुकडा फुटत नाही. लेकरं जेवायला आली की मी हीच वाढतो. रोहूपेक्षा बरीच महाग पडते, पण ताट परत येत नाही.

रोहू चवीला गोड, पण काट्यांची. कतल्याचं मुंडकं मोठं, रस्सा त्याचाच करावा. मिरगल तळाशी चरते, उन्हाळ्यात पाणी आटलं की तिला चिखलाचा वास येतो. अशा दिवशी मावशी स्वतःच सांगते, "भाऊ, आज मिरगल नोका नेऊ, वास मारते." हातची विक्री सोडून असं सांगणारी दुसरी मला भेटली नाही.

झिंगे घेताना डोकं बघावं. धडाला घट्ट आणि कवच कडक असेल तर ताजे, डोकं काळं पडलं तर तिथेच ठेवावे.

एकदा जूनमध्ये हौसेनं नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून सुरमई मागवली. १ जून ते ३१ जुलै कोकणात यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. बर्फातली जुनी निघाली, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. सगळी फेकली. तेव्हापासून त्या दोन महिन्यांत समुद्राचं नाव नाही, नदीचंच.

मावशीबद्दल एकच तक्रार. आषाढात ती अंड्यांनी भरलेली रोहूही विकते, गिऱ्हाईक मागतात म्हणून. मी घेत नाही. तीच पाण्यात राहिली तर पुढच्या सालची मासोळी होईल, हे तिलाही दोनदा बोललो. ऐकून घेतलं, पण टोपलीत अजून असते.

मोठी पंगत असेल तर आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, मरळ बाजूला काढून ठेवते.