बहिणीच्या लग्नाचे फोटो आणि ३८,००० रुपयांचा फटका

आधी आकडे सांगतो, कारण "किती गेले?" हेच सगळे आधी विचारतात. ५,००० बुकिंगचे, १२,००० अल्बमचे, ४,५०० ड्रोनच्या परवानगीचे, ७,५०० हळदीच्या दिवशी सकाळी. झाले २९,०००. वर ९,००० आणखी एकाला, ते पुढे येईलच. एकूण ३८,०००. हाती आलं काय? एक पेनड्राइव्ह, त्यात २१२ फोटो. व्हिडिओ नाही, अल्बम नाही, ड्रोन तर कोणी पाहिलासुद्धा नाही.

एवढं स्वस्त शोधायला गेलातच कशाला, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी घरात एक लग्न काढून बघावं. कार्यालय, केटरर, मानपानाच्या साड्या, सोनं, हे सगळं उरकून फोटोग्राफरचा नंबर येतो तेव्हा पिशवीच्या तळाला हात लागलेला असतो. लग्न बार्शीत, मी नोकरीला चाकणला. पुण्यात दोन दिवसांचे ८५,००० आणि ७०,००० असे भाव ऐकले. बार्शीतला ओळखीचा स्टुडिओवाला ४०,००० म्हणाला आणि लगेच "अण्णांच्या घरचं कार्य आहे, ३५ ला करू" असंही म्हणाला. पण त्याच्या अल्बममध्ये अजून नवरा-नवरी गुलाबाच्या पाकळीत बसलेले असतात, आणि बहिणीला कॅन्डिड, म्हणजे पोज न देता टिपलेले फोटो पाहिजे होते. मग इन्स्टाग्रामवर पुण्यातला हा सापडला. ३२,००० मध्ये एक कॅन्डिडवाला, एक ट्रॅडिशनलवाला, सिनेमॅटिक व्हिडिओ, ड्रोन आणि ४० पानी करिझ्मा, म्हणजे पानांवरच फोटो छापलेला अल्बम.

आता जिथं कळायला हवं होतं ती जागा. मी त्याच्याकडे एका अख्ख्या लग्नाचे फोटो मागितले होते. हो, मागितले होते! त्यानं ११ पाठवले. "कोल्हापूरचं लग्न आहे दादा." मोठे करून पाहिले तर प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात एक पुसट चौकोन. पाटीवरचं ओल्या बोटानं पुसावं तसा. मी कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या पार्टवरचे ओरखडे शोधतो आणि माल परत पाठवतो. मला तो चौकोन दिसला. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "आधी भागीदारीत स्टुडिओ होता, पार्टनरनं गळा कापला, त्याचं नाव खोडलंय." आणि मला त्याची दया आली. त्याच रात्री ५,००० पाठवले.

पैसे पाठवताना समोर नाव आलं एका बाईचं. "मिसेसच्या खात्यावर घेतो, बिल केलं की जीएसटी लागतो." ३२,००० वर १८ टक्के म्हणजे ५,७६०. वाचले की, असं मीच मनात म्हटलं. त्या ५,७६० च्या लोभात माझ्याकडे त्याचं नाव, पत्ता, सही असलेला एक कागदही राहिला नाही. बिल घ्या. जीएसटी लागू दे, पण बिल घ्या.

पुढचं सगळं उतारावरून गेल्यासारखं. "शीटचे भाव वाढणारेत, आत्ताच छपाईला देऊन ठेवतो", १२,०००. लग्नच झालेलं नाही आणि अल्बमची छपाई! मग ड्रोनची सरकारी परवानगी, ४,५००. नंतर वाचलं की २०२१ च्या ड्रोन नियमांत ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या मोकळ्या भागात, ४०० फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही, आणि झोनचा नकाशा फुकट बघता येतो. नंतर वाचलं.

हळदीला दोन पोरं आली. कॅमेरा एकच. "ड्रोन उद्या मुहूर्ताला येणार", असं दोघंही पाठ केल्यासारखं म्हणाली. मुहूर्ताला ड्रोन आला नाही आणि मंगलाष्टका संपता संपता कॅमेऱ्याचा सेलही संपला. अंतरपाट खाली आला त्या क्षणाचा एकमेव फोटो मामीच्या मोबाइलमध्ये आहे, त्यातही निम्मा कोणाचा तरी फेटा. पाठवणीपर्यंत थांबायचं ठरलेलं असताना जेवून पोरं गेली. फोन केला तर "दादा, आमचं मुहूर्तापर्यंतच बोलणं झालंय."

त्या दिवसापासून पुण्यातल्या साहेबांचा फोन बंद. आठ दिवसांनी त्यातल्या एका पोराचा नंबर मिळवला, तेव्हा खरा प्रकार कळला. ही पोरं त्याची नव्हतीच. त्यानं त्यांना फोनवरून १२,००० ला ठरवलं होतं, ३,००० हातावर टेकवले होते आणि त्यांनाही बुडवलं होतं. पोरगं म्हणालं, "उरलेले ९,००० द्या आणि कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन जा, नाहीतर आम्हाला पुढच्या ऑर्डरला कार्ड फॉर्मॅट करावं लागेल." दिले. तुम्ही काय केलं असतं?

आता आपली यंत्रणा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरवर, फोन केला. पहिला प्रश्न, कधी झालं? नऊ दिवस झाले म्हटल्यावर आवाजच बदलला. तिथं तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नाही. शंका आली की त्याच दिवशी फोन लावा. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, पोच क्रमांक आला, तो अजून माझ्याकडे आहे, बाकी काही नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय. चौकीत गेलो तर हवालदार म्हणाले, "पोरं आली होती ना? फोटो काढले ना? मग चारशे वीस कुठं बसतं? हा दिवाणी मामला आहे." १ जुलै २०२४ पासून चारशे वीस राहिलेलंच नाही, फसवणूक आता न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे, हे मी त्यांना सांगितलं आणि तिथंच माझं काम बिघडलं. "एवढं कळतंय तर फसलात कसे?" मागे बाकड्यावरचे दोघं हसले. मग म्हणे पैसे घेणारा पुण्याचा, पुण्यात जा. पुण्यातल्या चौकीत म्हणे लग्न बार्शीत झालं, बार्शीला जा. एका अर्जावर पोचेचा शिक्का मिळवायला तीन खेपा, त्यातल्या दोन बिनपगारी रजा काढून. त्या रजेचे पैसे वरच्या ३८,००० मध्ये धरलेले नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरून डॉकेट नंबर मिळाला. नंबरांची माझ्याकडे आता कमी नाही. एका वकिलानं कामाचं एक सांगितलं, की ग्राहक आयोगात आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण नोटीस पाठवायची कुठं? पत्ता विचारण्याची वेळ बुकिंगची होती. स्टुडिओ डोळ्यांनी बघून या. तुमच्या कार्यात उभं कोण राहणार त्याचं नाव लिहून घ्या. कार्ड त्याच दिवशी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्याशिवाय कोणाला मांडवातून सोडू नका, तो सख्खा आतेभाऊ असला तरी. आणि गुलाबाच्या पाकळीला हसू नका.

त्याचं इन्स्टाग्रामचं पान अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात त्यावर माझ्या बहिणीचा हळदीचा फोटो लागला, कोपऱ्यात त्याचं नाव, खाली "मोजक्या तारखा शिल्लक". पोरांनी पहिल्या रात्री नमुना म्हणून पाठवला असणार. मी खाली खरं काय ते लिहिलं, पाच मिनिटांत मला ब्लॉक केलं.

अण्णांना मी आकडा ३२,००० च सांगितलाय. अल्बम कधी येणार, असं ते दर रविवारी फोनवर विचारतात. छपाईला टाकलाय, म्हणतो.