पेसमेकर: एका तारेचा की दोन तारांचा?

काकांची नाडी चाळीसच्या खाली गेली, डॉक्टरांनी पेसमेकर, म्हणजे तारेतून हृदयाला विद्युत ठोके देणारं छोटं यंत्र, सुचवला. चुलतभाऊ विचारतोय, कोणता घ्यावा? माहितीपत्रकातली विशेषणं बाजूला ठेवून सांगतो.

निरोगी हृदयात विद्युत संदेश उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून (ठोक्याची सुरुवात करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यातून) निघतो आणि आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड या थांब्यापाशी तो सेकंदाचा साधारण दहावा भाग रेंगाळतो. तेवढ्यात वरचं रक्त खाली उतरतं, मग खालचे कप्पे आवळतात. संदेश पोचला की पेशीत कॅल्शियम शिरतं, त्यानं स्नायू आखडतो. हा क्रम सांभाळायचा की नाही, निवड खरं तर इथेच आहे.

एकच तार बहुधा खालच्या उजव्या कप्प्यात बसवतात. ठोका चुकत नाही, पण वरच्यांशी मेळ तुटतो. काहींना त्यानं थकवा येतो, चक्कर येते, मानेत ठोके जाणवतात. दोन तारा, एक वरच्या कप्प्यात आणि एक खालच्या, हा मेळ राखतात, म्हणून मला त्याच पटतात. मात्र त्यांनी आयुष्य वाढतं असं मोठ्या चाचण्यांत दिसलेलं नाही.

खर्चात एकतारी स्वस्त, बॅटरीही सहसा जास्त टिकते. तार सरकण्याचा धोकाही कमी.

काकांना कायमचं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, असेल तर वरची तार निरुपयोगी, एकच घ्या. वरची लय शाबूत, संदेशाची खाली जाणारी वाट मध्येच अडलेली आणि माणूस हिंडता-फिरता असेल तर दोन. फार थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बहुतेक वेळा एक पुरते.