करवंटीची पिनकुशन: 7 महिने वापरून

सुया-टाचण्या टोचून ठेवायची ही गादी एप्रिलमध्ये बनवली होती, आता नोव्हेंबर लागला म्हणून लिहून टाकते. मी घरीच ब्लाऊज अन् फॉल-पिकोचं काम करते, म्हणजे ही काही शोकेसमधली वस्तू नाही, दिवसभर टोचणं चालूच राहते तिच्यात.

करवंटी (आमच्याकडे नरोटी) देवाला फोडलेल्या नारळाची, बाहेरून काचेच्या तुकड्यानं खरवडली, पॉलिश पेपर मारला, खोबरेल तेल चोपडलं. अजूनही चकाकते. खरी भानगड आतल्या भरणाची आहे बाप्पा.

विदर्भातल्या माणसाला भरायचं म्हटलं की कापूसच आठवणार, मीही गावाकडचा पिंजलेला कापूस ठासला. तिथंच फसली. माझ्या मशीनच्या बाजूला कूलर, मे महिन्यात नागपुरात पारा 45 च्या घरात, बंद कोण करणार, अन् कापूस ती सगळी ओल धरते, तर पाऊस यायच्या आधीच सुया तांबूस. जुलैत एका गिऱ्हाइकाच्या मोतिया ब्लाऊजवर गंजाचा ठिपका उमटला, लिंबू-मीठ घासून कसाबसा काढला पण तोवर जीव खालवर. रागारागात उसवून पाहिलं तर आत 9 सुया! अन् मी सुया हरवते म्हणून पोरीला बोलत होती.

मग लकडगंजातून आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा आणला, चाळला, अन् पावसाळ्यात ऊन कुठलं, म्हणून कढईत मंद आचेवर परतून कोरडा केला (सासूबाई म्हणे शिरा करून राहिली का). तळाशी दोन बोटं कन्हान नदीची वाळू, धुऊन वाळवलेली, वजनासाठी. अन् मधोमध गुंतवळाचा गोळा. हो, माझेच केस, केसांवर भांडी देणारी बाई येते तिच्यासाठी ठेवलेले. ई करू नका, जुन्या बाया हेच भरायच्या, केसातल्या तेलानं सुई गंजत नाही अन् कपड्यात सटकन जाते. आतून मांजरपाटाचं दुहेरी अस्तर पाहिजेच, नाहीतर भुसा गळते. वरचं कापड जुन्या साडीच्या काठाचं, कडेनं धावदोरा घालून चुण्या ओढल्या.

चिकटवायला पहिले मैद्याची खळ वापरली होती, नॅचरल म्हणून. मुंग्यांनी चार दिवसात फडशा पाडला. आता सुताराकडून काठाला 8 भोकं पाडून दोऱ्यानंच टाचली आहे.

ऑगस्टपासून एकही सुई गंजली नाही, आत गडप पण होत नाही. मशीनच्या धडधडीत डब्बा सरकते पण ही हलत नाही. तक्रार एकच, भुसा बसते, दोन महिन्यांनी वरचं कापड ढिलं पडलं, उसवून मूठभर अजून भरावा लागला. अन् सिल्कच्या ब्लाऊजसाठी टाचण्या मी वेगळ्याच ठेवते, तेलाचा काय भरोसा.

सध्या धान निघून राहिलं आहे, गोंदियाची मावशी येताना तुसं आणणार आहे. तुसात सिलिका असते, ते सुयांवर घासणीसारखं काम करते, तर त्याची छोटी पुरचुंडी शिवून बाजूला लटकवीन. त्या 9 सुया फेकल्या नाहीत अजून.