पिंक फ्लॉइडचा 'मेडल' एलपीवर: तीन हजार मोजून 'टक् टक्'

"सर, एलपी म्हटलं की एवढं चालायचंच," हे दुकानदाराचं शेवटचं उत्तर. त्यानंतर फोन उचलणं बंद. म्हणून हे लिहितोय. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या 'मेडल' (Meddle) अल्बमच्या एलपीला, म्हणजे मोठ्या तबकडीला, तीन हजारांच्या वर मोजलेत, सील मी स्वतः फोडलंय, आणि दुसऱ्या बाजूवर 'इकोज' हे गाणं सुरू झालं रे झालं की प्रत्येक फेऱ्याला टक्. सुई साफ केली, रेकॉर्ड धुतली, मित्राच्या प्लेअरवर लावून पाहिली. टक् जागच्या जागी.

बरं, कुठे यावा हा आवाज? 'इकोज'च्या सुरुवातीला जवळजवळ शांतता, आणि त्यात बँडच्या रिचर्ड राइटच्या पियानोचा एकच सूर, लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत चाचणीच्या ध्वनिमुद्रणात तो सापडला. पुढे मंडळींना तो पुन्हा तसा जमेना, म्हणून चाचणीतलाच ठेवून दिला. ड्रमर निक मेसनने हे लिहून ठेवलंय. ज्या सुराची नक्कल खुद्द बँडला करता आली नाही, बरोब्बर त्याच्या उरावर माझा टक्! मधल्या दणक्या भागात असता तर मी कुरकुरही केली नसती. त्यातून साडेतेवीस मिनिटांचं गाणं एका बाजूवर बसवायचं म्हणजे खाचा दाटीवाटीने आणि आवाज बेताचा. आपण व्हॉल्यूम वाढवायला जातो, तर टक् पण वाढतो.

घेतला तेव्हा माझं मत ठाम होतं: हा अल्बम 'इकोज'साठी घ्यायचा, पहिली बाजू म्हणजे भरताड. आता 'इकोज' ऐकवेना म्हटल्यावर चडफडत पहिली बाजू लावायला लागलो, आणि ते मत काही टिकलं नाही. 'वन ऑफ दीज डेज'मध्ये बँडचा बासवाला रॉजर वॉटर्स आणि गिटारवाला डेव्हिड गिलमोर दोघंही बास गिटार वाजवतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकाच्या तारा जुन्या, त्यामुळे तो जरा बोदा लागतो. हेडफोन लावून ऐका, फरक स्वच्छ कळतो. 'फिअरलेस' तर फोनवर मी कायम पुढे ढकलत आलो होतो. ती पायऱ्या चढत गेल्यासारखी गिटार, घाई म्हणून नाही, आणि मागून लिव्हरपूलच्या फुटबॉलवेड्यांचा समूहस्वर. सध्या घरात सगळ्यात जास्त हेच वाजतं. 'सॅन ट्रोपे' ठीक, चहाबरोबर चालेल.

'शेमस' मात्र नाही म्हणजे नाही. स्टीव्ह मॅरियट या दुसऱ्या बँडमधल्या गायकाचा कुत्रा गिलमोरकडे सांभाळायला होता, तो गाण्याच्या सुरात सूर मिसळून रडतो. एवढीच काय ती गंमत. ज्यांनी त्याच रेकॉर्डच्या पाठीवर 'इकोज' करून ठेवलंय, त्यांनी हे का ठेवावं?

अर्थात १९७१ मध्ये बँडची अवस्थाच चाचपडण्याची होती. सुरुवातीचा मुख्य गायक सिड बॅरेट बँड सोडून तीन वर्षं झालेली, आदल्या वर्षीचा 'अॅटम हार्ट मदर' ऑर्केस्ट्राच्या लवाजम्यानिशी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेला. इथे बाहेरचा लवाजमा नाही, निर्मितीही चौघांचीच. ब्रिटनमध्ये तिसरा क्रमांक मिळाला, अमेरिकेत जेमतेम सत्तरावा. १९७३ चा त्यांचा गाजलेला अल्बम 'डार्क साइड ऑफ द मून' येईपर्यंत तिकडे यांना विचारत होतं कोण! पण लांबलचक गाणं पसरू न देता धरून कसं ठेवायचं, ते यांना 'इकोज'मध्ये साधलंय. माझ्या लेखी 'डार्क साइड'ची पूर्वतयारी म्हणून नव्हे, तसाच उभा राहणारा अल्बम आहे. पाण्याखालच्या कानाचं मुखपृष्ठ मोठ्या आकारात हातात धरायला छान वाटतं, हेही कबूल.

घ्यायचा असेल तर आल्या दिवशीच दुसऱ्या बाजूची पहिली दोन मिनिटं मोठ्या आवाजात ऐका; परत करायची मुदत संपली की कुणी दाद देत नाही. पैसे जपून वापरणाऱ्यांनी सरळ सीडी घ्यावी, टक् नाही. एलपीची एक सोय मान्य करतो: कुत्रा पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. रेकॉर्ड उलटायला उठायचंच असतं, दोन मिनिटं आधी उठायचं.