मेव्हन की ग्रेडल, फॅट जार की लिब फोल्डर: खान्देशात जावाचं काम करणाऱ्यांसाठी तुलना

जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर या पट्ट्यात जावावर काम करणाऱ्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं: जिनिंग, दालमिल, केळीचा व्यापारी, पतसंस्था, नाहीतर बाजार समितीतला आडत्या. प्रोग्रॅम लिहिला जातो ऑफिसातल्या चांगल्या लॅपटॉपवर आणि चालतो चोपड्याच्या नाहीतर यावलच्या एखाद्या जिनमध्ये, वजनकाट्याशेजारच्या जुन्या विंडोज मशीनवर. मेव्हन आणि ग्रेडल ही जावाचा कोड बांधून, लागणाऱ्या लायब्रऱ्या (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) जमवून देणारी साधनं. म्हणून मेव्हन घ्यावं की ग्रेडल असं कुणी विचारलं, की मी आधी दोन गोष्टी विचारतो. तयार झालेली जार (प्रोग्रॅम ज्यात बांधला जातो ती फाईल) शेवटी कुठे उतरणार? आणि तीन वर्षांनी हा प्रोजेक्ट कोण उघडणार?

माझं मत आधीच सांगतो. गिऱ्हाइकाच्या मशीनवर जाणारं काम असेल तर मेव्हन घ्या आणि लायब्रऱ्या वेगळ्या लिब फोल्डरमध्ये ठेवा. अँड्रॉइड ॲप असेल तर ग्रेडलच, तिथे विचार करायचं कारण नाही. एकाच प्रोजेक्टमध्ये बरीच मॉड्यूल्स असतील आणि ती रोज बांधली जात असतील, तरीही ग्रेडलचं पारडं जड आहे.

टिकाऊपणा आणि वेग

मेव्हन १.० आलं २००४ मध्ये, आणि आज आपण वापरतो तो साचा २००५ च्या मेव्हन २ पासूनचा. पॉम फाईलवरचा (प्रोजेक्टची माहिती आणि लायब्रऱ्यांची यादी असलेली मेव्हनची एक्सएमएल फाईल) मॉडेलचा आकडा ४.०.० तेव्हापासून वर्षानुवर्षं तोच राहिला. याचा फायदा जुनं काम हातात आल्यावर कळतो. दहा वर्षांपूर्वीची पॉम आजही उघडते. फार तर कम्पायलरची पातळी आणि एखाददुसरा प्लगइन बदलावा लागतो. एक्सएमएल लांबलचक असतं हे खरं, पण त्यात काय कुठे असणार हे आधीच ठरलेलं असतं.

ग्रेडल १.० आलं २०१२ मध्ये. त्याची बिल्ड फाईल म्हणजे ग्रूव्ही किंवा कॉटलिनमधला कोडच. त्यामुळे हवं ते करता येतं, आणि नेमकं तेच हस्तांतराच्या वेळी आड येतं. आपल्याकडे चांगला शिकलेला पोरगा वर्ष-दोन वर्षांत पुण्याला जातो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्याने बिल्ड फाईलमध्ये स्वतःची फंक्शनं, अटी, लूप लिहून ठेवले असतील, तर मागे राहिलेल्याला आधी ती फाईल शिकावी लागते आणि मगच प्रोजेक्ट.

दुसरी अडचण जावाच्या आवृत्तीची. जुनं ग्रेडल नव्या जावावर चालत नाही. जावा २१ वर ग्रेडल चालवायचं तर किमान ८.५ लागतं, त्याहून जुनं असलं तर ‘अनसपोर्टेड क्लास फाईल मेजर व्हर्जन ६५’ असा निरोप येतो आणि नवख्याला वाटतं की आपला कोडच चुकला. रॅपर (प्रोजेक्टसोबतच राहणारी, ठरलेली आवृत्ती उतरवून चालवणारी छोटी स्क्रिप्ट) वापरल्याने ग्रेडलची आवृत्ती पक्की होते, पण तिला चालणारी जावा मशीनवर आहे की नाही हे तुम्हालाच बघावं लागतं.

वेगात ग्रेडल पुढे आहे. जेवढं बदललं तेवढंच ते पुन्हा बांधतं, आधी बांधलेलं साठवून (बिल्ड कॅशे) ठेवतं, आणि त्याची डेमन नावाची प्रक्रिया मागे चालू राहत असल्याने दुसऱ्यांदा पटकन सुरू होतं. हा डेमन काम नसतानाही तीन तास मेमरीत बसून राहतो. १६ जीबीच्या लॅपटॉपवर ते जाणवत नाही. ४ जीबीच्या मशीनवर आयडीई, ब्राउझर आणि डेटाबेस एकत्र उघडे असले, की चांगलंच जाणवतं. एका मॉड्यूलच्या बिलिंग प्रोग्रॅमला वेगाच्या या फरकाने काही मिळत नाही.

इंटरनेटचं थोडक्यात. मेव्हनची झिप दहा एमबीच्या आसपास असते, ग्रेडलची शंभर एमबीच्या वर. लायब्रऱ्या दोघांनाही उतरवाव्या लागतात, आणि ऑफलाइन चालवायची सोय दोघांतही आहे. लाईट गेली आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करायची वेळ आली तर मेव्हनचं ‘गो-ऑफलाइन’ (लागणाऱ्या लायब्रऱ्या आधीच उतरवून ठेवणारी आज्ञा) आधीच चालवून ठेवलेलं बरं. मेव्हनचा लोकल साठा नावाप्रमाणे लावलेल्या फोल्डरांत असतो, त्यामुळे पेनड्राइव्हवरून दुसऱ्या मशीनवर नेणंही सोपं जातं.

लायब्रऱ्यांची भांडणं

निवड करताना लोक बघत नाहीत अशी गोष्ट ही. एकच लायब्ररी दोन वाटांनी दोन आवृत्त्यांत आली, तर मेव्हन जवळची घेतं आणि ग्रेडल सगळ्यात नवी.

उदाहरण घ्या. एक्सेलमध्ये अहवाल काढायला अपाची पीओआयची ५.२ मालिका घेतली, आणि फाईल अपलोडसाठी कॉमन्स फाईलअपलोडची जुनी १.३ मालिका आधीपासून होती. दोघींनाही कॉमन्स आयओ लागते. जुन्या फाईलअपलोडमागून २.२ येते, पीओआयमागून २.११ किंवा तिच्यापुढची. दोन्ही सारख्याच अंतरावर असल्याने मेव्हन पॉममध्ये जी लायब्ररी आधी लिहिली तिच्यामागची आवृत्ती उचलतं. फाईलअपलोड वर असेल तर २.२ आत जाते. बांधणी बिनतक्रार होते आणि अहवालाचं बटण दाबलं की क्लास सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम पडतो. पॉममधल्या ओळींचा क्रम बदलला तर तोच प्रोग्रॅम चालायला लागतो, आणि बघणाऱ्याला काहीच उलगडत नाही.

ग्रेडल इथे नवी आवृत्ती घेतं आणि काम चालून जातं. बहुतेक वेळा हाच नियम बरा पडतो. पण एखाद्या जुन्या लायब्ररीला लागणारी गोष्ट नव्या आवृत्तीतून काढून टाकलेली असेल, तर ग्रेडलही तसंच फसतं. उपाय दोघांकडे आहे: मेव्हनमध्ये डिपेंडन्सी मॅनेजमेंटखाली आवृत्ती बांधून टाका, ग्रेडलमध्ये कन्स्ट्रेंट लावा. मेव्हनचा नियम निसरडा आहे हे मान्य करूनही मी मेव्हनच सुचवतो, कारण डिपेंडन्सी ट्री (कुठली लायब्ररी कुणामागून आली याची यादी) काढून वाचायची सवय लागली की हा घोळ आधीच दिसतो. ही सवय मात्र लावूनच घ्यायला हवी.

मराठी पावतीचा प्रश्न

आपल्या गिऱ्हाइकाला पावती मराठीत हवी असते, म्हणून हे इंग्रजीत काम करणाऱ्यांपेक्षा आपल्याला जास्त बघावं लागतं. जावा १८ च्या आधी विंडोजवर जावा मशीनचंच एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरायचं, जे बहुधा सीपी१२५२ असायचं. सोर्समध्ये ‘कापूस’ लिहिला आणि एन्कोडिंग सांगितलं नाही, तर छापताना भलतीच चिन्हं येतात. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं, पण गिऱ्हाइकांकडे जावा ८ अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

मेव्हन ३ इथे स्वतःहून सांगतं की एन्कोडिंग दिलेलं नाही, त्यामुळे बांधणी मशीनवर अवलंबून आहे. पिवळ्या अक्षरांतला हा इशारा लोक बघून सोडून देतात. पॉममध्ये एक ओळ घातली की तो जातो. ग्रेडलमध्येही एक ओळच लागते, पण तिची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते.

मेव्हनमधला एक खड्डा मात्र खोल आहे. रिसोर्स फिल्टरिंग (फाइलींतल्या खुणांच्या जागी खरी मूल्यं भरणं) चालू असेल आणि त्याच फोल्डरमध्ये मराठी फॉन्टची टीटीएफ फाईल असेल, तर मेव्हन ती फाईल मजकूर समजून वाचतं आणि बिघडवतं. जारमध्ये फॉन्ट दिसतो, पण उघडत नाही. फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर टीटीएफ हे एक्स्टेंशन फिल्टरिंगमधून वगळा.

पॅकिंग

मेव्हन-ग्रेडलच्या वादापेक्षा गिऱ्हाइकाला जास्त भिडतं ते हे.

फॅट जार म्हणजे सगळ्या लायब्रऱ्या फोडून एकाच जारमध्ये भरलेल्या. मेव्हनमध्ये शेड प्लगइन, ग्रेडलमध्ये शॅडो. एकच फाईल कॉपी करायची, म्हणून आवडते. पण एकाच नावाच्या दोन फाइली आल्या की एक दुसरीवर चढते. पतसंस्थेचा जुना डेटा मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये नेणारा प्रोग्रॅम घ्या. दोन्ही ड्रायव्हर आपली नोंद एकाच नावाच्या सर्व्हिस फाईलमध्ये ठेवतात. फॅट जार करताना एक नोंद उडते आणि ‘नो सुटेबल ड्रायव्हर’ अशी तक्रार येऊ शकते. सर्व्हिसेस ट्रान्सफॉर्मर लावला की दोन्ही नोंदी एकत्र होतात. बाउन्सी कॅसल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीसारखी सही केलेली जार आत असेल, तर तिच्या सहीच्या फाइली वगळाव्या लागतात, नाहीतर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

स्प्रिंग बूटची जार यापेक्षा नीट. ती लायब्रऱ्या फोडत नाही, अख्ख्या आत ठेवते, म्हणून ही भांडणं होत नाहीत. स्प्रिंग बूट आधीच वापरत असाल तर तीच घ्या.

लिब फोल्डरची पद्धत म्हणजे तुमची छोटी जार एकीकडे आणि लायब्रऱ्या शेजारच्या फोल्डरमध्ये. मेव्हनच्या जार प्लगइनला क्लासपाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ती यादी) आणि ‘लिब’ हा उपसर्ग सांगायचा, लायब्रऱ्या डिपेंडन्सी प्लगइनने कॉपी करायच्या. ग्रेडलमध्ये हे आणखी सोपं आहे: ॲप्लिकेशन प्लगइनचं ‘इन्स्टॉल डिस्ट’ सुरू करायच्या बॅच फाईलसकट सगळं तयार करून देतं. हे श्रेय ग्रेडलला द्यायलाच हवं.

या पद्धतीचा खरा उपयोग ऐन हंगामात कळतो. दिवाळीनंतर जिन दिवसरात्र चालू असते, काट्यासमोर कापसाच्या गाड्यांची रांग असते आणि तुम्हाला भावफरकाचा हिशेब दुरुस्त करून द्यायचा असतो. फॅट जार असेल तर पन्नास-साठ एमबी पाठवा. लिब फोल्डर असेल तर काही शे केबीची तुमची एकटी जार व्हॉट्सॲपवर जाते. प्रोग्रॅम बंद करायचा, फाईल बदलायची, पुन्हा चालू करायचा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग ठेवणाऱ्या लायब्ररीतली मोठी सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हाही लिब फोल्डर उघडून आत कुठली आवृत्ती आहे हे नावावरूनच कळत होतं. फोडून भरलेल्या जारमध्ये तेच हुडकावं लागलं.

एक खबरदारी. काट्याचं वजन सीरियल पोर्टवरून वाचायला जेसीरियलकॉम वापरत असाल, तर ती आपली डीएलएल चालू होताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढते. अँटिव्हायरसने ती अडवली तर वजन येत नाही, आणि मग पॅकिंग कितीही बदललं तरी उपयोग नसतो.

राहिला इन्स्टॉलर. जिनचा काटेवाला विचारतो, “भाऊ, यामा जावा टाकनं पडी का?” नाही असं उत्तर द्यायचं असेल तर जेपॅकेज. २०२१ च्या जावा १६ पासून ते पक्कं झालं. जावा आत घालूनच ते विंडोजचा इन्स्टॉलर बनवतं. मात्र विंडोजचा इन्स्टॉलर विंडोजवरच बांधावा लागतो आणि त्यासाठी विक्स हे साधन वेगळं टाकावं लागतं. मेव्हन असो की ग्रेडल, दोन्हींतून ते चालवता येतं. गिऱ्हाइकाकडे ३२-बिट विंडोज असेल तर तिथे जावा ८ आणि लिब फोल्डरच ठेवा. त्या विंडोजचा आधार जावा २१ मध्ये कालबाह्य ठरला आणि जावा २४ मध्ये काढूनच टाकला.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी मेव्हनच घ्यावं आणि रॅपरसकट द्यावं. झिप करताना टार्गेट फोल्डर (मेव्हन बांधलेल्या फाइली ठेवतं तो) काढा, आणि लॅबच्या मशीनवर आदल्या दिवशीच एकदा नेट चालू असताना बांधून बघा. परीक्षकांसमोर लायब्रऱ्या उतरायला लागल्या तर तोंडीचा वेळ तिथेच जातो.